हलकी गोळी आणि शीघ्रदाही दारू : एका व्याप्तीची परीक्षा

१. आपल्या जुन्या भाषेंत 'दारू' व 'रंजक' हे दोन शब्द निरनिराळे आहेत. नळींत ठासावयाची ती दारू आणि कानावर घालावयाची बारीक दाण्याची ती रंजक. घटकद्रव्यें दोहोंचीं एकच. सोरा, गंधक व कोळसा. भेद काय तो दाण्याचा. तरीहि दारूगोळ्याचा हिशेब वाचतांना आपण बहुधा असें समजून चालतों कीं, दारू म्हणजे एकजिनसी माल. ती असली म्हणजे बंदूक चालली, नसली म्हणजे थांबली. कोणत्या नळीकरितां, कोणत्या गोळीकरितां, कोणत्या दाण्याची, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. ते विचारणें किती अगत्याचें आहे हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

त्याकरितां उदाहरण घेतलें आहे तें मात्र परदेशचें व अगदीं अलीकडच्या काळांतलें आहे. अमेरिकेंत शेताची नासाडी करणाऱ्या लहान प्राण्यांच्या शिकारीसाठीं फार हलक्या व फार वेगवान गोळ्यांच्या रायफली विसाव्या शतकांत निर्माण झाल्या, आणि त्यांचीं काडतुसें घरीं स्वहस्तें भरण्याचा प्रघात तेथें पडला. त्या मंडळींत एक नियम रूढ झाला : 'गोळी हलकी तर दारू शीघ्रदाही, गोळी जड तर दारू मंददाही.' नियम सुटसुटीत आहे, आणि पुष्कळ वेळां खराहि ठरतो. परंतु ही व्याप्ति निरुपाधिक आहे कीं सोपाधिक, हें पाहिलें पाहिजे. 'जेथें अग्नि तेथें धूम' असें म्हणतां येत नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूम नसतो. ओल्या जळणाचा संयोग ही तेथील उपाधि होय, हें न्यायशास्त्राचा आरंभ करणारा विद्यार्थीहि जाणतो. आमच्या प्रस्तुत नियमांतहि अशीच एक उपाधि दडलेली आहे, आणि ती न ओळखल्यामुळें जीवावर बेतण्याचा प्रसंग येतो.

२. प्रथम या शिकारीचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. उपद्रवी प्राण्यांना अमेरिकन शेतकरी 'व्हार्मिंट' म्हणतो. 'व्हर्मिन' या इंग्रजी शब्दाचाच तो ग्रामीण उच्चार आहे. बिळांत राहणारा, खारीच्या कुळांतला वुडचक, त्याच कुळांतला प्रेअरी डॉग, कोल्ह्यासारखा कोयोटी आणि कावळा हे त्यांतले मुख्य. निशाण लहान आणि अंतर दोनतीनशें यार्ड, यामुळें गोळी सपाट मार्गानें जाणारी, म्हणजे वेगवान हवी. दुसरें असें कीं, ही शिकार वस्तीच्या व गुरांच्या आसपास चालते. जड व संथ गोळी जमिनीवर आपटून उसळते आणि भलतीकडे जाते. हलकी, पातळ कवचाची व अतिवेगवान गोळी मातीस लागतांच फुटून चूर्ण होते. यास्तव गोळी हलकी करण्याचें कारण केवळ हौस नव्हे. शेजाऱ्याच्या गोठ्याची सुरक्षितता हेंहि त्यांत होतें.

हलकी म्हणजे किती, हें आपल्या मापानें सांगितल्यास लवकर ध्यानांत येईल. इंग्रजी ग्रेन हें माप घेतलें तर इंग्रजी अंमलांतला तोळा १८० ग्रेनांचा व मासा १५ ग्रेनांचा होतो. सैनिकांच्या ३०-०६ या रायफलींत हरणासारख्या मोठ्या शिकारीसाठीं वापरली जाणारी १८० ग्रेनांची गोळी म्हणजे बरोबर एक तोळा. आणि ज्या गोळ्यांविषयीं येथें लिहावयाचें त्या ४५ ते ५५ ग्रेनांच्या, म्हणजे तीन-साडेतीन माशांच्या. तोळ्याच्या चौथ्या हिश्शाएवढें हें शिसें व तांबें सेकंदास तीनचार हजार फूट वेगानें फेंकावयाचें, हा या कारागिरीचा प्रश्न होता.

३. दारू नळींत जळते तेव्हां काय होतें, याविषयींच्या कल्पना कशा बदलत गेल्या हें पाहिल्याशिवाय पुढील भाग नीट उमगणार नाहीं. आपल्याकडे शुक्रनीतींत अग्निचूर्णाची कृति आहे : सोऱ्याचीं पांच पलें, गंधकाचें एक व कोळशाचें एक, आणि नालिकास्त्रासाठीं सोऱ्याचे सहा किंवा चार भाग घ्यावे असाहि विकल्प आहे. हा ग्रंथ आज उपलब्ध आहे त्या स्वरूपांत एकोणिसाव्या शतकांतला असावा असें लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालीं प्रतिपादन केलें. तेव्हां प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून तो येथें देत नाहीं. त्यांतली विचाराची दिशा तेवढी पाहावयाची आहे. अस्त्र बदललें तर दारू बदलावी हें कर्त्यास ठाऊक आहे. पण बदल तो घटकांच्या प्रमाणांत सुचवितो, दाण्याच्या आकारांत नव्हे.

युरोपांत या विषयाला गणिताचें रूप दिलें तें बेंजामिन रॉबिन्स यानें. त्याचा तोफविद्येवरील ग्रंथ १७४२ सालीं प्रसिद्ध झाला. टांगलेल्या लंबकावर गोळी मारून तिचा वेग मोजण्याची युक्ति त्याचीच. पुढें ईस्ट इंडिया कंपनीनें त्यास किल्ल्यांच्या डागडुजीसाठीं हिंदुस्थानांत पाठविलें, आणि १७५१ सालीं तो या भूमींतच वारला. रॉबिन्सनें असें गृहीत धरलें होतें कीं, गोळी जागची हलण्यापूर्वींच सर्व दारू जळून वायुरूप झालेली असते. हें गृहीत खरें असतें तर दाण्याच्या लहानमोठेपणास कांहींच अर्थ राहिला नसता. बेंजामिन टॉमसन, जो पुढें काउंट रमफोर्ड म्हणून प्रसिद्धीस आला, त्यानें १७८१ च्या आपल्या निबंधांत यावर आक्षेप घेतला : दारू क्षणांत जळत नाहीं, क्रमाक्रमानें जळते, आणि गोळी पुढें सरकत असतांहि जळत राहते. हा 'क्रम' हाच सर्व विवेचनाचा पाया होय.

त्याचें व्यावहारिक महत्त्व एका दुर्घटनेनें जगापुढें आलें. २८ फेब्रुवारी १८४४ रोजीं अमेरिकेच्या 'प्रिन्स्टन' या युद्धनौकेवर एक प्रचंड तोफ पाहुण्यांसमोर डागली असतां फुटली, आणि परराष्ट्रमंत्री एबल अपशर व आरमारमंत्री टॉमस गिल्मर हे इतर कांहींजणांसह ठार झाले. त्यानंतरच्या काळांत टॉमस रॉडमन या लष्करी अधिकाऱ्यानें तोफांच्या ओतकामाचा व नळीतल्या दाबाचा कसून अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष असा कीं, मोठ्या तोफेंत दारू एकदम न जळतां सावकाश जळली पाहिजे. म्हणून दाणा मोठा करावा, आणि त्यास आरपार छिद्रें पाडावीं. दाणा बाहेरून जळतो तसतसें त्याचें बाह्य पृष्ठ घटतें. पण छिद्राच्या आंतून जळतांना आंतलें पृष्ठ वाढतें. एकाचा तोटा दुसरें भरून काढतें, आणि वायु शेवटपर्यंत जवळजवळ सारख्या प्रमाणांत निघत राहतो. आजच्या रायफलीच्या कित्येक दारूंचा दाणा बारीक पोकळ नळीसारखा असतो, तो रॉडमनच्या या कल्पनेचाच वंशज आहे.

४. काळ्या दारूच्या युगांत शिकाऱ्याच्या हातीं निवडीचें साधन एकच होतें, चाळणी. मोठ्या बोअरच्या बंदुकीस जाड दाणा, लहान बोअरच्या रायफलीस बारीक दाणा, आणि कानावर त्याहूनहि बारीक. अमेरिकन डब्यांवर एफ या अक्षराच्या आवृत्तीनें ही प्रत दाखवितात. अक्षरें अधिक तितका दाणा बारीक. आमच्या दारू व रंजक या भेदाचीच ही विस्तृत मांडणी होय. परंतु काळ्या दारूला एक अंगभूत मर्यादा होती. नोबल व एबल या इंग्रज संशोधकांनीं १८७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, जळाल्यावर तिच्या वजनाचा सुमारें शेंकडा ५७ भाग घनरूपानेंच राहतो, आणि उरलेला काय तो वायु होतो. अर्ध्याहून अधिक दारू अशी धूर व काजळी यांतच खर्ची पडते.

ही मर्यादा ओलांडली ती फ्रान्सांत. पोल व्हिएय या रसायनज्ञानें १८८४ सालीं नायट्रोसेल्युलोज द्रावकांत विरघळवून, लगदा करून, त्याचे पातळ पत्रे व तुकडे केले, आणि निर्धूम दारू निर्माण केली. १८८६ च्या लेबेल रायफलींत ती आली. पुढें १८८७ सालीं नोबेलनें नायट्रोग्लिसरीन घालून बॅलिस्टाइट केलें, आणि १८८९ सालीं इंग्लंडांत कॉर्डाइट निघालें. अग्नि असून धूम नाहीं, या नैयायिकांच्या दृष्टांतास असें एक नवें स्थळ मिळालें. पण इतिहासाच्या दृष्टीनें धूर गेला याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. या नव्या दारूचा दाणा घट्ट व एकसंध असल्यामुळें तो थरामागून थर असा नियमित जळतो; आणि भोंवतालचा दाब जितका अधिक तितका तो अधिक वेगानें जळतो. दाब वाढला कीं जळणें वाढतें, जळणें वाढलें कीं दाब वाढतो. या परस्परवृद्धीस वेळीच आवर घालतें तें एकच. पुढें सरकणारी गोळी आणि तिच्यामागें वाढत जाणारी जागा. काळी दारू चुकीची निवडली तर बहुधा निशाण चुकतें. निर्धूम दारू चुकीची निवडली तर बंदूक फुटूं शकते.

आपल्या देशाशीं या प्रकरणाचा थोडा संबंध आहे तो येथें नमूद करतों. पुण्याजवळ खडकी येथें काडतुसांचा सरकारी कारखाना १८६९ पासूनचा आहे, आणि निलगिरींत अरुवनकाडु येथें कॉर्डाइटचा कारखाना १९०४ च्या सुमारास सुरू झाला. कॉर्डाइट उष्णतेनें अधिक जोमानें जळतें. म्हणून इंग्रज बंदूककारांना उष्ण देशांकरितां कांहीं काडतुसें कमी भाराचीं काढावीं लागलीं. विलायतेच्या थंडींत निर्धोक असलेला भार हिंदुस्थानच्या उन्हांत निर्धोक राहीलच असें नाहीं. दारूची योग्यता तिच्या एकटीच्या अंगीं नसते, याचा हा एक घरगुती पुरावा होय.

५. आतां हलक्या गोळीकडे येऊं. १९१५ सालीं चार्ल्स न्यूटन या संशोधकाचें पाव इंची बोअरचें काडतूस सॅव्हेज कंपनीनें बाजारांत आणलें. न्यूटनचा कल १०० ग्रेनांच्या गोळीकडे होता असें सांगतात. परंतु कंपनीनें ८७ ग्रेनांची, म्हणजे सहा माशांहून थोडी कमी, गोळी घेतली. कारण तिनें सेकंदास ३००० फूट हा आंकडा गांठतां येत होता. तो आंकडा काडतुसाच्या नांवांतच घातला गेला : '२५०-३०००'. वेगाकरितां गोळी हलकी करावी, ही वाट येथें मोकळी झाली.

तिच्यावरचा पुढचा टप्पा 'हॉर्नेट'. १८८५ सालचें काळ्या दारूचें बावीस बोअरचें एक लहानसें काडतूस होतें. त्याची ४५ ग्रेनांची गोळी सेकंदास सुमारें १५५० फूट जाई. १९२० नंतरच्या दशकांत स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेंतले टाउनसेंड व्हेलन, वॉटकिन्स इत्यादि मंडळींनीं त्याच पितळी कोशांत निर्धूम दारू व कवचाची गोळी घालून प्रयोग केले, आणि १९३० सालीं विंचेस्टर कंपनीनें तें काडतूस विकण्यास काढलें. गोळी तीच तीन माशांची. वेग मात्र २४०० फुटांच्या घरांत गेला. विशेष हें कीं, त्यासाठीं खास बनविलेली कारखान्याची रायफल मिळण्यापूर्वींच काडतूस मिळूं लागलें होतें, आणि हौशी लोक जुन्या रायफली सुधारून त्यांत तें वापरीत होते.

या लहान कोशास अनुरूप अशा दारू त्याच दशकांत निघाल्या. ड्यूपाँट कंपनीच्या साम्राज्याची १९१२ च्या न्यायालयीन निर्णयानें जी वांटणी झाली तींतून जन्मलेल्या हर्क्यूलीस कंपनीची '२४००' ही नायट्रोग्लिसरीनयुक्त दारू, आणि खुद्द ड्यूपाँटची '४२२७', या दोन्ही रायफलींच्या दारूंमध्यें अत्यंत शीघ्रदाही होत. हॉर्नेटमध्यें त्या उत्तम चालल्या, आणि तेथेंच 'हलकी गोळी, शीघ्रदाही दारू' या नियमास लोकमान्यता मिळाली. त्याची उपपत्तीहि सोपी आहे. हलकी गोळी झटकन् हलते. ती विरोध कमी करते. मागची जागा पाहतां पाहतां वाढते. दारू मंद असेल तर दाब चढण्यापूर्वींच गोळी दूर जाते, कांहीं दाणे न जळतांच नळीबाहेर पडतात, आणि वेग दर बाराला निराळा येतो. म्हणून दारू अशी हवी कीं, गोळी निसटण्याच्या आंत ती आपलें काम उरकील.

६. पूर्वपक्ष येथें पुरा झाला. त्याचें खंडन करण्यास दुसरें काडतूस लगेच पुढें आलें. १९३५ सालीं विंचेस्टरनेंच 'स्विफ्ट' काढलें. अमेरिकन आरमारासाठीं १८९५ सालीं निघालेल्या सहा मिलिमीटरच्या ली रायफलीचा मोठा कोश घेऊन, त्याचा गळा बावीस बोअरपर्यंत आवळून, त्यांत ४८ ग्रेनांची गोळी बसविली. आणि तिला सेकंदास ४११० फूट, म्हणजे पाऊण मैलाहून अधिक, वेग दिला. हॉर्नेटची गोळी ४५ ग्रेनांची, स्विफ्टची ४८ ग्रेनांची. फरक तीन ग्रेनांचा, म्हणजे दोन गुंजाहि नव्हे. नळीचा व्यासहि जवळपास तोच. मग नियमाप्रमाणें दारूहि तीच हवी. प्रत्यक्षांत हॉर्नेटची दारू स्विफ्टचा कोश भरून घालणें म्हणजे रायफल फोडणेंच होय. स्विफ्टला मध्यम दाहवेगाच्या, '३०३१', '४०६४' यांसारख्या दारू लागतात.

याचें कारण काय? हॉर्नेटच्या कोशांत पाणी भरून वजन केलें तर तें सुमारें १४ ग्रेन, म्हणजे मासाभरहि भरत नाहीं. स्विफ्टच्या कोशांत त्याच्या तिपटीहून अधिक मावतें. नळीचें तोंड मात्र दोहोंस तेवढेंच. लहानशा गडव्यांतलें पाणी आणि मोठ्या घागरींतलें पाणी एकाच चिंचोळ्या तोंडानें बाहेर काढावयाचें असेल तर घागरीस घाई करून चालत नाहीं. थोडी दारू असली म्हणजे गोळी इंचभर सरकतांच मागची जागा तिच्या मानानें पुष्कळ वाढते. ती लवकर जळलेलीच बरी. तिप्पट दारू असली म्हणजे तेवढ्याच सरकण्यानें जागा तुलनेनें थोडीच वाढते. ती एकदम जळली तर वायूस वाट मिळत नाहीं. सबब ती सावकाश जळली पाहिजे.

अन्वय-व्यतिरेकानें हेंच अधिक स्पष्ट होईल. हॉर्नेट व स्विफ्ट यांत गोळी सारखी असून दारू भिन्न. उलट, '४८९५' ही दारू सैनिकांच्या ३०-०६ काडतुसासाठीं, म्हणजे दहा माशांच्या आसपासच्या गोळीसाठीं, बनविलेली. तीच स्विफ्ट व तत्सम मोठ्या कोशाच्या बावीस बोअर काडतुसांत तीन-साडेतीन माशांच्या गोळीमागें हातानें भरणाऱ्यांनीं यशस्वीपणें वापरली. तेथें गोळी भिन्न असून दारू एक. तेव्हां केवळ गोळीचा हलकेपणा हा दारूच्या शीघ्रतेचा नियामक नव्हे. कोशाची पोकळी व नळीचा व्यास यांचें परस्परप्रमाण ही ती उपाधि. कोश तोच ठेवून गोळी हलकी केली तर दारू कांहींशी शीघ्र घ्यावी, एवढाच मूळ नियमाचा अधिकार आहे. कोश बदलला कीं तो अधिकार संपतो.

७. हा सूक्ष्म भेद सामान्य शिकाऱ्याच्या जीवाशीं कसा निगडित झाला, तें हातानें काडतूस भरण्याच्या प्रघातावरून कळतें. पितळी कोश एकदां उडविल्यावर फेंकून न देतां, त्याची जळकी टोपी काढून नवी बसवावयाची, कोश मापांत आणावयाचा, दारू तोलून घालावयाची व गोळी दाबावयाची. असा हा उद्योग. कोश हा काडतुसाचा सर्वांत महाग भाग असल्यामुळें यांत बचत असे. १८६६ च्या सुमारास टोपीच्या दोन रचना निघाल्या. इंग्रज बॉक्सरची व अमेरिकन बर्डनची. योगायोग असा कीं, बॉक्सरची रचना अमेरिकेंत रुजली आणि बर्डनची युरोपांत. बॉक्सरच्या रचनेंत कोशाच्या बुडास मध्यभागीं एकच छिद्र असल्यामुळें जुनी टोपी आंतून काडी घालून सहज काढतां येते. हातभरणीचा प्रसार अमेरिकेंत अधिक झाला, त्याचें एक कारण हें क्षुल्लक दिसणारें छिद्र होय. जॉन बार्लोच्या 'आयडियल' कारखान्यानें १८८४ पासून या कामाचे चिमटे व सांचे विकण्यास आरंभ केला, आणि १९३७ सालीं फिलिप शार्प याचा या विषयावरील मोठा ग्रंथ निघाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्सस प्रांतांतील ब्रूस हॉजडन या गृहस्थानें सरकारची शिल्लक राहिलेली '४८९५' दारू हजारों पौंड घाऊक विकत घेऊन ती एका जुन्या रेल्वेच्या डब्यांत सांठविली, आणि शिकाऱ्यांस स्वस्तांत विकण्यास प्रारंभ केला. त्यामुळें हजारों लोक या उद्योगांत शिरले. आतां धोका कोठें आहे पाहा. ड्यूपाँटच्या दारूंचे क्रमांक हे दाहवेगाचे क्रमांक नव्हेत. '४२२७' ही '४१९८' हून शीघ्र आहे, '४८९५' ही '४३५०' हून शीघ्र आहे, आणि '४८३१' फारच मंद आहे. क्रमांक चढत जातो तसा वेग उतरत जातो, असें समजणारा फसतो; वेग चढत जातो असें समजणाराहि फसतो. दाणे डोळ्यांस सारखेच, करडे व चकचकीत. शिवाय शीघ्रदाही दारूचा भार थोडा असल्यामुळें मोठ्या कोशांत तो तळाशीं बसतो, आणि चुकून दुप्पट पडला तरी वरून दिसत नाहीं. म्हणून या मंडळींचे आचारनियम स्मृतिग्रंथांसारखे कडक झाले आहेत : दारू मूळ डब्यांतच ठेवावी; टेबलावर एका वेळीं एकच डबा असावा; भार छापील कोष्टकांतला, व तोहि खालच्या आंकड्यापासून घ्यावा; गोळी, टोपी, कोश वा दारू यांतलें कांहींहि बदललें तर पुनश्च खालून आरंभ करावा. यांतला शेवटचा नियम म्हणजे उपाधि ओळखण्याचीच आज्ञा आहे. आपल्या देशांत १९७२ च्या कायद्यानें वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी झाली असल्यामुळें येथील वाचकास या आचाराचा उपयोग नाहीं. त्यामागचा तर्क मात्र सर्वत्र उपयोगी आहे.

८. या कथेचा शेवट मात्र शेतांत होत नाहीं. स्विफ्टचा अतिवेग नळीचा घसा लवकर झिजवितो अशी ख्याति झाली, आणि १९६४ सालीं विंचेस्टरनें आपल्या प्रमुख रायफलींत तें काडतूस देणें थांबविलें. दरम्यान १९५० सालीं रेमिंग्टन कंपनीनें हॉर्नेट व स्विफ्ट यांच्या मधल्या आकाराचें '२२२' काडतूस काढलें होतें. ५० ग्रेनांची गोळी, ३२०० फूट वेग. मध्यम कोशास शीघ्र-मध्यम दारू, विशेषतः '४१९८', अशी जोडी उत्तम जुळली, आणि अचूकपणाबद्दल त्या काडतुसाची कीर्ति झाली. त्याचाच कोश किंचित् लांबवून अमेरिकन सैन्याच्या एम-१६ रायफलीचें ५५ ग्रेनांच्या गोळीचें काडतूस बनलें. वुडचक मारण्याची हलकी गोळी अशी युद्धांत गेली.

या रायफलीची पारख एका प्रकारच्या नळीदार दाण्याच्या दारूवर झाली होती. पुढें सैन्यानें गोलदाण्याची दारू घेतली. ही दारू वेस्टर्न कार्ट्रिज कंपनींत फ्रेड ऑल्सन यानें १९३३ च्या सुमारास सिद्ध केली होती. पाण्याखालीं बनत असल्यामुळें तिची निर्मिति निर्धोक, आणि आम्लता मारण्यासाठीं तींत खडूचा अंश. गोळी तीच, कोश तोच, ठरलेला वेगहि तोच. पूर्वपक्षाच्या दृष्टीनें बदल शून्य. परंतु या रायफलींत नळींतलाच कांहीं वायु एका बारीक नलिकेनें मागें आणून त्यावर यंत्र चालविलें जातें. नवी दारू अधिक सावकाश जळे, त्यामुळें वायूच्या त्या छिद्रापाशीं दाब अधिक राही, यंत्र ठरल्याहून जलद धांवे. आणि खडूचा अंश नलिकेंत सांचे. कोठीस क्रोमचा मुलामा नव्हता, साफसफाईचीं साधनें पुरेशीं दिलीं गेलीं नव्हतीं, या चुकांचीहि त्यांत भर पडली. व्हिएतनाममध्यें रायफली ऐन चकमकींत अडकूं लागल्या, आणि बंद पडलेली रायफल हातीं असतांना सैनिक मारले गेले. १९६७ सालीं अमेरिकन प्रतिनिधिसभेच्या इकॉर्ड उपसमितीनें चौकशी केली, तेव्हां पुरेशी परीक्षा न करतां केलेल्या दारूच्या बदलाकडे तिनें स्पष्ट बोट दाखविलें. घरीं काडतूस भरणारा साधा शिकारी जो नियम पाळतो, म्हणजे दारू बदलली कीं सर्व परीक्षा आरंभापासून, तो एका बलाढ्य राष्ट्राच्या खात्यानें पाळला नाहीं.

९. एवढ्या विवेचनाचा निष्कर्ष असा. दारू चांगली किंवा वाईट अशी स्वतंत्रपणें नसते; ती अमुक कोशास, अमुक नळीस, अमुक गोळीस, अमुक हवेस व अमुक यंत्रास योग्य वा अयोग्य असते. 'हलक्या गोळीस शीघ्रदाही दारू' हें वाक्य हॉर्नेटपुरतें खरें, स्विफ्टच्या ठिकाणीं घातक, आणि एम-१६ च्या ठिकाणीं अपुरें. रॉबिन्सपासून इकॉर्ड समितीपर्यंत सव्वादोनशें वर्षांत ही गोष्ट पुनःपुन्हां शिकावी लागली, आणि बहुतेक वेळां तिची किंमत मनुष्याच्या प्राणांनीं द्यावी लागली.

आमच्या इतिहासाच्या अभ्यासकांस यांतून एक कामाची दृष्टि मिळते. एखाद्या किल्ल्याच्या जाबत्यांत इतके खंडी दारू व इतकें शिसें शिल्लक होतें एवढ्यावरून त्या किल्ल्याचें बळ ठरविणें हें धाडसाचें आहे. ती दारू जाड दाण्याची होती कीं बारीक, तोफेची होती कीं बंदुकीची, रंजक निराळी होती कीं नाहीं, कोठारांत ती कोरडी होती कीं ओल लागलेली, हें कळल्याशिवाय त्या आंकड्याचा अर्थ लागत नाहीं. ज्यांनीं 'रंजक' हा निराळा शब्द भाषेंत राखला त्या आमच्या गोलंदाजांस हा भेद ठाऊक होता. कागद वाचणाऱ्यांनींहि तो विसरूं नये.